राजदूतांना ठसका लागला

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून देव, भूत, अंगारे-धुपारे सगळं एकदमच बाहेर गेलं आणि त्याची उणीव मला कधी भासली नाही. तुम्ही लोक इथे लिहिता ते अनुभव मी वाचते, हसते आणि भाजी चिरायला घेते. पण हा एक माझा स्वतःचा आहे... तोही भर दुपारचा, चार माणसांसमोरचा.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. सदरमध्ये सायकलच्या एका दुकानावर खोली होती. तिथे दर रविवारी मेश्राम सर आम्हा अल्पसंख्याक समाजांतल्या मुलामुलींना परराष्ट्र सेवेसाठी तयार करायचे, फुकट. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. तरुणपणी काही वर्षं परदेशात आपल्या वकिलातीत होते. त्या वर्षी आम्ही तिघं होतो – अख्तर, फिलोमिना आणि मी. लेखी परीक्षा तिघंही पास झालो होतो, आता दिल्लीची मुलाखत राहिली होती.

आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं. कागदावर मी वाघीण, पण अनोळखी माणूस समोर आला की तोंडाला कुलूप. बाबा शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुकादम होते. त्यांनी मालकाकडे माझ्यासाठी टायपिस्टची जागा बोलून ठेवली होती. "पाहुना आला का तू सैपाकघरात जाऊन बसते, दिल्लीले काय बोलशीन वं?" असं ते म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या रविवारी क्लास सुटला की ते मला न्यायला येणार आणि तसंच जाऊन मालकाला हो सांगायचं, असं ठरलं होतं. मी रडून घेतलं होतं, पण मनातून हारही मानली होती.

सरांचा एक खास प्रकार असायचा – मेजवानीचा सराव. दोन बाक जोडून वर चादर, फिलोमिनाच्या आईचे काटे-चमचे. यजमानाच्या उजवीकडची खुर्ची राजदूतांची, आणि ती रिकामी. "मित्राला बसवलं की तुम्ही दात काढता," सर म्हणायचे. तेव्हा रिकाम्या खुर्चीकडे बघून इंग्रजीत गप्पा मारायच्या, तिच्या ताटात वाढायचंसुद्धा. अख्तर तिच्याशी इतका बोलायचा की खुर्चीलाच जांभई यावी. माझी गाडी मात्र "गुड आफ्टरनून, एक्सलन्सी"च्या पुढे कधी गेली नाही.

त्या दिवशी यजमान मी होते. जेवायला झुणका-भाकर आणि मावशीने पाठवलेल्या भिवापुरी मिरचीचा ठेचा. मी वाढलं, बसले, "गुड आफ्टरनून, एक्सलन्सी" म्हटलं... आणि संपलं. अख्तर काट्याने भाकरी तोडायची झटापट करत होता.

तेवढ्यात उजवीकडून ठसका आला. वयस्क पुरुषाचा, मिरची घशात गेल्यावर लागतो तसा, चांगला दणदणीत.

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ताटातला ठेचा गेला होता.

कोणीही शहाणं माणूस पळालं असतं. मी उठून त्या ताटाजवळच्या ग्लासात पाणी ओतलं. खरंच सांगते, डोक्यात एकच आलं – पाहुण्याला ठसका लागला आणि चूक माझी. तोंडातून इंग्रजी सुरू झालं... माफ करा, आधी सांगायला हवं होतं, ही आमच्याकडची मिरची, भाकरीचा घास घ्या. मग मिरचीवरून भिवापूर, भिवापूरवरून आमचं घर, बाबांच्या खांद्यावर बसून मी दीक्षेला गेले होते ते, आणि या देशाच्या वतीने दूर कुठल्या तरी टेबलावर मला का बसायचं आहे, ते. किती वेळ बोलले कोण जाणे. चुका झाल्या असतील, पण थांबले नाही. कोणीतरी ऐकतंय, एवढं पक्कं वाटत होतं आणि फार बरं वाटत होतं.

भानावर आले तेव्हा ग्लास रिकामा होता. फिलोमिना छातीवर क्रूसाची खूण करत होती. "मैं नहीं खाँसा, कसम से," अख्तर म्हणाला. सर मात्र उठले, कोट नीट केला आणि हळूच म्हणाले, "पाहुण्याले दारापर्यंत सोडाले जा. नियम आहे."

मी गेले. दार उघडून धरलं, "थँक यू फॉर कमिंग" म्हटलं. शेजारून कोणी गेल्याचं मला काही जाणवलं नाही, खोटं कशाला बोलू.

जिन्यावर बाबा बसले होते. मी मागे दार लोटून घेतलं.

"केव्हाचा ऐकून राहिलो मी," ते म्हणाले. "तो सायेब कोन होता वं?"

"राजदूत," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"मधात मधात हासे तो. दोनदा तुले काही इचारलं बी, तू सांगितलं त्याले."

आत आम्ही चौघांनी त्या ठसक्यापलीकडे कोणाचा एक शब्द ऐकला नव्हता.

"तुम्हाले काही समजलं, बाबा?"

"मले कुठं इंग्लिश येते. पन एवढा मोठा मानूस तुह्यं ऐकून राहिला होता. मंग मी कोन तुले टायपाले बसवनारा?"

आमची सायकल त्या दिवशी वाडीकडे वळलीच नाही. दिल्लीला मी बोलले, भरपूर बोलले, निवड झाली आणि पुढे सगळी नोकरी परदेशांतच गेली. "ते तुम्हीच ना?" म्हणून सरांना मी कितीदा छेडलं, पण ठसक्याच्या वेळी ते माझ्या समोरच तोंडात घास घेऊन बसले होते, हे मी स्वतः पाहिलंय. मांजर म्हणावं, तर मांजर ठेचा खात नाही आणि इंग्रजीत प्रश्नही विचारत नाही.

बाबा शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला त्या सायबाबद्दल सांगत राहिले. ती खुर्ची रिकामी होती, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आणि ती रिकामी होती, हे तरी मला कुठे ठाऊक आहे?