फोटो निघाला, पण दिसेना

तालुक्याच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. आमचा जुना प्रोग्राम दिसायला कळकट होता, पण बटण दाबलं की हाड लगेच पडद्यावर. मागच्या वर्षी तो काढून नवा बसवला. म्हणायला कॉम्प्युटरचा प्रोग्राम, आत मात्र निव्वळ वेबसाइट. इथंच काढलेला फोटो इथल्याच पडद्यावर दाखवायचा, तरी तो आधी इंटरनेटवर फिरून येतो. पेशंटचं नाव टाइप केलं तरी अक्षरं रेंगाळत उमटतात.

त्या दुपारी सिंदेवाहीकडच्या एक बाई नवऱ्यासोबत आल्या. तलावात मासोळीचं जाळं ओढताना पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरल्या होत्या. मनगट टम्म सुजलेलं. हळूच त्यांचा हात प्लेटवर ठेवला, "हलवू नका," म्हटलं आणि आत येऊन बटण दाबलं.

पांढरं पान आलं. मधोमध चक्र फिरू लागलं.

फोटो नीट आला की नाही ते दिसल्याशिवाय "हात काढा" म्हणता येईना. पुन्हा ठेवायचा म्हणजे पुन्हा दुखवायचं. काचेपलीकडे त्या डोळे मिटून, ओठ दाबून बसल्या होत्या.

"झालं का जी, बाई?"

"निघाला आहे. दिसून नाई राह्यला."

"काऊन? लय मोडला का हात?"

"नाई हो. मशीनच हळू आहे."

तेवढ्यात पडद्यावर आलं, पुन्हा लॉगिन करा. केलं. फोटो गेलेला होता.

दुसऱ्यांदा हात ठेवताना त्या कण्हल्या. मी आत येऊन पुन्हा बटण दाबलं. या वेळी फोटो आला, आधी धूसर, मग सावकाश स्पष्ट. हाड मोडलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत तो उघडेना, म्हणून तेच उठून माझ्या पडद्यापाशी आले आणि पाहून प्लास्टर सांगितलं.

मी मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, नेट स्लो असेल."

"पण फोटो तर इथंच काढलाय ना?"

"नवीन सिस्टिम अशीच असते मॅडम."

पूर्वी मी भांडायचे. आता "बरं" म्हणून ठेवून देते.

जाताना त्या बाई प्लास्टरचा हात सावरत दारात थांबल्या.

"तुमालेबी लय तरास हाय, बाई. दिवसभर असंच पाहत बसता?"

"हो," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि नवऱ्यामागून बसस्टँडकडे निघाल्या. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.