मर्यादेतली चढती रेघ

डॉक्टरांनी मी हातानं काढलेल्या आलेखावर चहाचा कप ठेवला. भरलेला, वाफाळता. मग म्हणाले, "मावशी, ही चाकणची कंपनी नाही. आकडे आम्ही बघतो, तुम्ही आराम करा."

अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या खुर्चीतल्या मॅडम तर सलाईन सांभाळत हसल्या. "अगं, कशाला एवढं डोकं चालवतेस?"

अगं! आम्ही दोघी एकाच वयाच्या. दोघींना अंडाशयाचा कॅन्सर, दोघींच्या नळीतून एकच औषध, आणि टक्कल तर जुळ्या बहिणींचं असावं तसं. पण त्यांचे मिस्टर एका कारखान्याचे प्रमुख. म्हणून त्या मॅडम, मी अगं.

पुढची गंमत ऐका. डॉक्टर स्टूल ओढून मॅडमजवळ बसले आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. दर डोसाआधी रक्तातला सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरची खूण, मोजतात. औषध लागू पडलं की तो आकडा सहसा उतरतो. मॅडमची रेघ घसरगुंडीसारखी खाली आलेली. "पाहा मॅडम, किती छान!"

जळले मी. त्यांच्या गाडीवर कधी जळले नव्हते. त्या रेघेवर जळले. आणि त्या स्टुलावर त्याहून जास्त.

कारण माझ्या आकड्यांची रेघ मी हातानं काढली होती, आणि तिच्यावर कप ठेवला होता. बावीस वर्षं चाकणजवळ निघोज्याच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात काढली. दर तासाला मशीनवरून उतरलेले लोखंडी शाफ्ट मोजायचे, कागदावर टिंब द्यायचं, टिंबं जोडायची. टिंबं मर्यादेत असली तरी ओळीनं चढायला लागली, की मशीन थांबवायचं. आत लोखंड कापणारं टूल झिजतंय. माल बिघडायची वाट बघायची नाही. सुपरवायझर शिव्या घालायचा, पण मी सांगितलं की थांबवायचा.

माझ्या रक्ताची टिंबं आधी उतरली. मग तीनदा चढली. मर्यादेत, पण चढली.

पुढच्या डोसाला मी नवा कागद घेऊन गेले. नर्स सुई घेऊन आली. मी बाही खाली ओढली. डॉक्टर धावत आले.

"आकडा नॉर्मल आहे हो मावशी."

"नॉर्मलच हाय. पण चढतोय. का चढतोय ते सांगा, मग सुई."

"डोस चुकला तर जबाबदारी तुमची."

"मशीन थांबवायची जबाबदारी माझीच असायची, डॉक्टरसाहेब."

शेजारून आवाज आला, "तमाशा कशाला करतेस?"

"तुमची रेघ उतरतीय ना मॅडम? मग गप बसा."

या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी कागद हातात घेतला. चढती टिंबं बघितली आणि स्कॅन लिहून दिला. त्याच आठवड्यात स्कॅन झाला. गाठ पुन्हा वाढत होती. औषधाला दादच देत नव्हती. औषध बदललं. माफी कुणी मागितली नाही.

नव्या औषधाचा एकच आकडा हाती आलाय. एका टिंबाची रेघ होत नाही, एवढं मला कळतं.

मॅडमचे डोस संपले. त्यांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, दोन्ही जळत जळत. हेवा वाईट म्हणतात. म्हणोत. मी तो सोडणार नाही; त्यानंच तर मला बाही खाली ओढायला लावली.

गाठ ऐकेल की नाही, ते माझ्या हातात नाही. पण यापुढे रिपोर्ट आधी मी वाचणार. न कळलेलं विचारणार. डॉक्टरांनी माझ्यासमोर बसून, मला समजेल असं सांगायचं. तोवर बाही वर होणार नाही.