मनूचा डोह

लिव रं बाळा, मनुबाईचं लिव. बेळगावच्या वडगावात माझ्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. हिकडं माझा माग खटाक खटाक, तिकडं तिचा. तू तिला बगितलास ते काठी टेकत जाताना. खरं ही बाई मासा हुती, मासा!

गुंजीच्या पल्याड रानात एक वाडी हाय, थितली ती लेक. वाडीखाली नदी वळती थितं सातजनींचा डोह. सातजनी म्हंजे पान्यातल्या आसरा, साती भैनी. मनू चालायच्या आधी पवायला शिकली म्हन. आनि लगीन करून दिली कुटं? वडगावात! हितं पानी म्हंजे नळाला रांग आनि घागरीवर घागर. पुढं आई-बाप वारले, भाऊ गोव्याच्या अंगाला कामाला गेला, म्हायेरचं दारच बंद झालं. मग मागासाटनं सुताच्या कांड्या भरत बसलं की ती सांगत बसायची, "आमचा डोह ह्या गल्लीपरास रुंद. मी ह्या काठावरनं त्या काठाला जायाची."

आमी बायका हसायचो. आमच्यात पवायला कुनाला येतंय? कोन हिरीत पडली तर दोर सोडायचा, एवडंच ठावं. तिची सासू बायडाबाई तर लई खवट. म्हनायची, "व्हय गं, आनि मगरीवर बसून बाजाराला जात हुतीस न्हवं?" हळूहळू गल्लीत ते बोलनंच पडलं. कोन वाडवून सांगाय लागलं की, "हां, आला मनूचा डोह!" भाजीवालीनं शिळी मेथी ताजी म्हनून दिली, "मनूचा डोह!" मनू हसून सोडून द्यायची.

खरं एक दिस तिची लेक नागू शाळंतनं रडत आली. पोरी पोरींत कायतर भांडान झालतं. त्या म्हनाल्या, "तुज्या आईगत थापा मारू नगो." नागू मागापशी हुबारली आनि इचारलं, "आई, डोह खरंच हाय?"

भिंतीच्या हिकडनं मला ऐकू आलं. खटाक खटाक बंद. चालू माग मधीच थांबिवनारी बाई न्हवं ती.

"येत्या आमुशाला दावतो, चल," मनू म्हनाली. "समद्यांनी चला."

आमुशाच का? अरं, आमचा माग बंद ऱ्हायाचा आमुशालाच. मागाची पूजा केली की म्हैन्याची तेवडी एक सुट्टी. खरं आमुशा म्हंजे आसरांचा बी दिस. त्या दिशी ओटी भरायला मानसं काठाला जात्यात, खरं पान्यात कोन पाय घालत न्हाई. बायडाबाई लगीच म्हनाली, "बगा! डोहाला न्हेनार आनि पव म्हटलं की म्हननार आज आमुशा हाय. लई शानी हाय ही!" तरी बी भाकरी बांदून पयली तयार तीच. सुनंची थाप उघडी पडताना बगायची हुती न्हवं!

तुजा बाप तवा चौथीत हुता, म्हंजे ऐंशीच्या आसपासचं साल. बेळगावातनं कोळशाची आगगाडी धरली, गुंजीला उतरलो. थितनं डोहाच्या फाट्यापोतर आमुशाला एक बस सोडायचे. दिसभर नुसती हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. शटल म्हनायचे तिला. मी म्हनलं, "अगं, ही तर आपला धोटाच की!" धोटा बी मागावर सूत घिऊन असाच पळतोय, ह्या कडंनं त्या कडंला.

कंडक्टर कल्लाप्पा दारात लोंबकळून वरडत हुता, "हत्त्री, हत्त्री!" चढा चढा म्हनून. आत जागा कुटली? नारळाची पोती, पाय बांदलेल्या कोंबड्या, माज्या मांडीवर कुनाचं तरी पोरगं. एका चढाला बस नुसती कण्हाय लागली. कल्लाप्पा म्हनला, "समदी उतरा, गाडी वडत न्हाई." आमी उतरून चालाय लागलो. बशीत ऱ्हायलं कोन? डायवर आनि नारळ.

बायडाबाई धापा टाकत म्हनाली, "तिकीट आमचं आनि बसल्यात नारळ!"

"आजी," कल्लाप्पा म्हनला, "नारळ कटकट करत न्हाईत."

फाट्यावरनं पायवाटंनं खाली उतरलो. झाडी सपली आनि म्होरं डोह. काय सांगू बाळा! काळंशार पानी, हलतंय का न्हाई कळंना. पल्याड हत्तीएवडा खडक आनि त्येच्या अंगाला जांभळ, फांद्या पार पान्यावर टेकलेल्या. नागूनं आईचा हात गच्च धरला. बायडाबाई डोहाकडं बगत म्हनाली, "डोह हाय म्हना. खरं डोह असनं येगळं आनि पल्याड जानं येगळं."

मनूनं पदर खवला, कासोटा वडून बांदला आनि पान्याकडं निगाली.

काठावर एकच गलका झाला. "ए बाई, आमुशा हाय! आसरा वडून न्हेतील!" दोगं-चौगं आडवं झालं. तवर ओट्या मांडनारा म्हातारा जोतिबा काठी टेकत आला. त्येला दिसायचं कमी.

"कोन गं तू?"

"परशरामाची मनू, काका. वरल्या आळीतली."

"वाडीची लेक?" म्हाताऱ्याचा आवाजच बदलला. "अरं, सोडा तिला! लेक हाय ती!"

मग त्येनं समद्यांना सांगिटलं. पयलं ओटी ह्या काठाला ठेवायचीच न्हाईत. ती पल्याडच्या खडकावर जायाची, आनि न्ह्यायची वाडीच्या लेकीनं, पवत. सुनांना बंदी, बापय गड्यांना बंदी. लेकीला मात्र आसरा भैन मानत्यात. श्येवटची ओटी मनूच्या आत्तीनं न्हेलती. पुढं लेकी लांब लांब दिल्या, पवनारी कोन ऱ्हायली न्हाई, म्हनून ओटी हितंच ठेवाय लागले.

"न्हेतीस?" म्हाताऱ्यानं इचारलं.

"त्येच्यासाटनंच आलोय, काका."

बगितलास? तिला समदं ठावं हुतं. हिरवा खन, बांगड्या, तांदूळ, नारळ, समदं धडप्यात बांदून तिनं डोईवर गच्च आवळलं. पान्याला हात लावून पाया पडली आनि आत शिरली. आवाज बी झाला न्हाई. बदकावानी निगाली. आमी काठावर हुबा, मान ताठ करून.

मधल्या धारंत पानी तिला खाली वडाय लागलं. पवायची सवं सुटून किती वर्सं झालती! हात जड पडल्यालं मला काठावरनं दिसत हुतं. धारंनं तिला जांभळीच्या अंगाला न्हेलं, आनि फांद्यांमागं ती दिसंनाशी झाली. आता भाईर येतीया, मग येतीया, येतच न्हाई. बायडाबाईनं माजा दंड असा धरला की वळ उटलं. आनि एकदम वरडली, "मने! माघारी ये गं! मला पटलं! मला पटलं समदं!"

तेवड्यात वर फाट्यावर बशीनं भोंगा दिला. श्येवटची फेरी हुती. कल्लाप्पा शिव्या घालतच खाली आला, "चला, चला! शटल कुनासाटनं थांबत न्हाई—" आनि तसाच ऱ्हायला. फांद्या हलल्या. मनू खडकाला हात घालून वर चढत हुती. फांदीला धरून दम घेटलेला तिनं. डोईवरची ओटी सोडली, खडकावर मांडली, आनि दोनी हात वर केले.

काय वरडलो आमी! कोंबड्या सुद्दा वरडल्या. जोतिबा म्हाताऱ्याला कायच दिसत न्हवतं, त्यो नुसता इचारत हुता, "पोचली का? पोचली का?" नागू त्येच्या कानात वरडली, "पोचली! माजी आई हाय ती!"

आनि कल्लाप्पा वर तोंड करून डायवरला हाका मारत हुता, "थांब रं! एक प्याशिंजर पल्याड हाय!"

मनू आली ती जांभळीचा डहाळा दातात धरून आली. येताना धारंला आडवी गेलीच न्हाई, वरल्या अंगानं वळसा घिऊन आरामात आली. पान्याभाईर पाय ठेवला तशी बायडाबाई म्होरं झाली. म्हटलं आता काय बोलती! ती आपल्या पदरानं सुनंचं क्यास पुसाय लागली, लहान पोरीचं पुसावं तसं.

माघारी जाताना बी एक चढ हुता. बस कण्हाय लागली. कल्लाप्पा म्हनला, "समदी उतरा." मनू उटली. त्यो म्हनला, "आक्का, तुमी न्हाई. तुमी बसा." आनि बाळा, आमी समदी बशीमागनं चालत, आनि आत खिडकीला एकटी मनू, मांडीवर डहाळा, बाजूला फोडलेल्या नारळाच्या वाट्या. बायडाबाई चालता चालता ह्येला त्येला सांगत हुती, "ती खिडकीतली? माजी सून."

वडगावात पोचलो तर गल्लीतल्या बायका दारात वाटच बगत हुत्या. येकजनी हसत म्हनाली, "काय मग बायडाबाई, केवडा निगाला मनूचा डोह?"

बायडाबाई उंबऱ्यावर बसली, पाय लांब सोडले आनि म्हनाली, "मनू कमीच सांगत हुती."