आण्णाच्या बी.ए.चा भाव

मानसशास्त्र या विषयावर आमच्या घरात सगळ्यात जास्त राग माझा होता. मी तेव्हा तेरा वर्षांची. काकतीजवळच्या आमच्या गावात मराठी सातवी पास झालेली मी एकटीच मुलगी, पण पुढं शिकायचं की नाही हे माझ्या मार्कांवर ठरणार नव्हतं. ते ठरणार होतं थोरल्या भावाच्या, आण्णाच्या, पदवीवर. वडिलांनी, आमच्या आप्पांनी, सरळ सांगितलं होतं, "त्येच्या शिक्षनाचा पैसा आधी वसूल हुं दे. मग तुझं बघू."

बेळगावात नव्यानं निघालेल्या कॉलेजात आण्णा चार वर्षं सायकल हाणत गेला आणि बी.ए. झाला. घ्यायचं तर गणित घ्यावं, इंग्रजी घ्यावं. यानं घेतलं मानसशास्त्र. कुणी विचारलं की आप्पा आधी घसा खाकरत आणि मग म्हणत, "मनाचं कायतरी हाय." वकील व्हायला अजून शिकावं लागणार होतं, तलाठ्याला एवढं लागत नव्हतं, आणि कॅम्पातल्या लष्करी हापिसात मनाबद्दल कुणी विचारत नव्हतं, टायपिंग येतं का एवढंच विचारत होते. वर्षभर तो घरी बसून होता.

गावानं मात्र त्याला रिकामं बसू दिलं नाही. मनाचं शास्त्र शिकलाय म्हणजे हा देवऋषीच, तोही सरकारी शिक्क्याचा, अशी सगळ्यांची खात्री झाली. हरवलेली म्हैस, सासरी न नांदणारी लेक, दूध न पिणारं पोर, सगळं आमच्या सोप्यात येऊन बसू लागलं. आण्णा लालबुंद व्हायचा. "मला मनातलं कळत न्हाय वो, मावशी!"

"व्हय व्हय, आसंच म्हनायचं असतंय," असं म्हणून मावशी नारळ पुढं सरकवायच्या. शेवटी तो नाइलाजानं विचारायचा, "बरं, झालं काय ते तरी सांगा." मग त्या सांगत बसायच्या, तो मधूनमधून आणखी एखादी गोष्ट विचारायचा, आणि जाताना बाई हलकी होऊन जायची. आप्पांच्या लेखी चार वर्षांची कमाई काय, तर पोतंभर नारळ. ते म्हणाले, "देवऋषी कोंबडं तरी मिळवतोय."

मग निपाणीच्या एका शाळेत मास्तर हवा असल्याचं कळलं. आप्पांनी निकाल आधीच लावून ठेवला. "ही नोकरी न्हाय मिळाली, तर त्यो औताला आनि तू लग्नाला." निपाणीच्या आत्यानं कोगनोळीत माझ्यासाठी स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलाखत फसली, तर नंतरच्या मोटारीनं पुढं जाऊन ते घर बघायचं, असा बेत होता. म्हणून मलाही नवं परकर-पोलकं घालून सर्व्हिस मोटारीत कोंबलं.

शाळेच्या व्हरांड्यात आप्पा आणि मी खिडकीखाली बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. कमिटीचे चेअरमन तंबाखूचे मोठे व्यापारी. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मानसशास्त्र म्हंजे मनातलं वळखायचं न्हवं? मग सांगा बघू, माझ्या मनात काय हाय."

बाकीचे मेंबर खो-खो हसले. आता आण्णा चिडणार आणि मी कोगनोळीला जाणार, दुसरं काय!

पण आण्णा शांतपणे म्हणाला, "ते सांगितल्याशिवाय कळत नाही, साहेब. विचारावं लागतं. विचारू?"

"इचारा की."

"तुम्ही शाळा कितवीत सोडली?"

हसू थांबलं. आप्पांनी कपाळाला हात लावला.

"तिसरीत," चेअरमन म्हणाले. "मास्तर मठ्ठ म्हनायचा."

"आणि तुम्ही मठ्ठ होता?"

मग चेअरमननी सांगायला सुरुवात केली. घरात कन्नड, शाळेत मराठी. उत्तर यायचं, पण कन्नडात यायचं, आणि मराठी शब्द सापडेपर्यंत छडी बसलेली असायची. असे कितीतरी दिवस. आण्णा अधूनमधून एखादाच प्रश्न विचारत होता. चहा दोनदा आला. शेवटी चेअरमन म्हणाले, "पन्नास वर्सांत ह्ये मला कुनी इचारलंच न्हवतं. आमच्या पोरास्नी इचारनारा मास्तर पायजे. पगार चाळीस रुपये."

चाळीस! मला नाचावंसं वाटलं. पण आण्णाचं संपलं नव्हतं. "आणखी एक. माझी बहीण बाहेर बसली आहे. ती माझ्याजवळ राहील. तिला या शाळेत घ्या, आणि फी माफ करा."

"पोरगी?" एक मेंबर पुटपुटला. चेअरमननी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. "एक वर्साची माफ," ते म्हणाले.

तेवढ्यात माझ्या शेजारचे आप्पा उठले. आयुष्यात कधी शाळेच्या कचेरीत न गेलेला माणूस, वहाणा दाराशी काढून सरळ आत गेला. मला वाटलं, हे आता नको म्हणणार.

"एका वर्सानं काय व्हतंय?" आप्पा म्हणाले. "पोरगी हुशार हाय. मॅट्रिक हुस्तवर माफ करा. आनि आत्ताच लिवून द्या."

चेअरमननी लिहून दिलं. तो कागद आप्पांनी आण्णाला दिला नाही, बाहेर येऊन माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाच," ते म्हणाले, "मोठ्यानं वाच." आणि मी तो वाचला, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा.