बुरशीचं विरजण

उसाचं चिपाड म्हणजे जळण, एवढंच आमच्या राहुरीकडं माहीत. आमच्या सरांनी मात्र त्यावर बुरशी वाढवायला घेतली आणि मी प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली काम करत होते. परदेशात कुणी बुरशीतून रक्तातली चरबी उतरवणारं औषध शोधतंय, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा तो.

त्याच वर्षी वडिलांच्या छातीत कळ आली. नगरच्या डॉक्टरांनी रक्तात चरबी वाढल्याचं सांगून तूप, मटण बंद केलं. औषधाचं विचारलं तर म्हणाले, खास असं काही नाही, जपा. आई दवाखान्यातच मटकन खाली बसली.

थंडीत प्रयोगशाळेची वीज सारखी जायची आणि बुरशीला तर ऊब लागते. म्हणून कापसाचं बूच लावलेली एक बाटली मी घरी आणून चुलीपाशी ठेवली. आईनं विचारलं, तेव्हा हौसेनं सगळं सांगितलं. चिपाडाच्या भुशात कोंडा मिसळायचा, त्याला चिमूटभर बुरशी लावायची, उबेला ठेवायची. यातून उद्या वडिलांसारख्यांना औषध मिळेल. पण ही बुरशी विषारीही असेल, अजून कुणी तपासलेली नाही, हात लावू नकोस, असंही बजावलं. ती भाकरी थापत हं हं करत राहिली.

पुढं एका संध्याकाळी एस.टी.तून उतरून घरी आले, तर वडिलांना उलट्यांवर उलट्या. वाटलं, संपलं सगळं. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सुई दिली आणि म्हणाले, छातीचं काही नाही, पोटात वाईटसाईट गेलंय. काय खाल्लं, विचारलं, तर आई जमिनीकडं बघत बसली.

मला शंका आलीच. कणगीमागं गोधडीत गुंडाळलेलं गाडगं सापडलं. आत कोंड्यावर हिरवीगार बुरशी, अशी टरारून आलेली की प्रयोगशाळेत आमच्या बापजन्मी आली नव्हती. बाईनं माझ्या बाटलीतली चिमूट काढून दह्याला लावावं तसं विरजण लावलं होतं! वाळवून, कुटून ते रोज वडिलांच्या भाकरीच्या पिठात घालत होती.

मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले. नवऱ्याला विष घालतेस, अक्कल गहाण टाकलीस का, इथपर्यंत मजल गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. वडिलांच्या उलट्या थांबून त्यांचा डोळा लागला होता. त्यांच्या अंगावर तिनं चादर नीट केली आणि मग हळूच म्हणाली, "तू विषाचं बोलल्याली, ते ध्येनात हुतं माझ्या. म्हणून आधी म्याच खाल्लं. चांगलं चार दिस. मला काय झालं न्हाई, मंग त्यांना दिलं."

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांनाही अजून कुणी ते घातलं नव्हतं. ही भाकऱ्या थापत, पाणी भरत, कुणाला न सांगता ते खात होती आणि मी समोर बसून जेवत होते.

"आणि तुला काही झालं असतं तर?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही.

"मंग त्यांना दिलं नसतं की," ती म्हणाली.