कांद्याच्या गाण्यात वाइकातो

आमची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. आई नाशिककडच्या बागायतदारांच्या वावरात कांद्याची रोपं लावायला जायची. दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी घरी आली की भिंतीला पाठ लावून नुसती बसून राहायची. त्या मजुरीवर मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच, आणि हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

रोपं लावताना बायका गायच्या. आई पुढची ओळ म्हणायची, बाकीच्या उत्तर द्यायच्या. तिचा एक नियम होता. ज्या मातीत हात घातला, तिथल्या नदीचं नाव घेतल्याशिवाय गाणं संपवायचं नाही.

यंदा ऑकलंडला गेले ते कॉलेजातल्या रूममेटकडं. वैशाली तिथं फार्मासिस्ट आहे, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहते. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा नवरा निखिल गाडी काढत म्हणाला, "चला, उशीर नको. आज माराएवर (माओरी लोकांचं सभास्थान) आपल्या मराठी मंडळाचं स्वागत आहे."

मोटरवे सोडून पुकेकोहे गाव आलं आणि मी काच खाली केली. उतारावर लालसर माती, तिच्यात कांद्याच्या हिरव्या ओळी, नजर पोचेल तिथवर. एवढा समुद्र ओलांडून यावं आणि समोर कांदाच! मला हसू आलं, आणि लगेच आई आठवली.

माराएच्या फाटकाशी आम्ही वीसेक माणसं जमलो. यजमानांकडच्या एकानं रीत समजावली. पाहुण्यांतला एक जण बोलतो आणि त्याचं बोलणं संपताच त्याच्या माणसांनी उभं राहून गायचं. गाणं झालं नाही, तर त्याच्या पाठीशी कुणीच नाही असा अर्थ होतो. भाषण निखिल करणार होता. त्यानं हातातला स्पीकर दाखवला. "गाणं यात आहे."

तो माणूस हसला. "ते यंत्राचं झालं. तुमचं कुठंय?"

वैशालीचा चेहरा पडला. "सुनंदा, मेलो! इथं सगळ्यांना पहिल्या दोन ओळी येतात, पुढं नुसतं ला ला ला."

"मला एक अख्खं येतं. कांद्याचं."

"कांद्याचं? अगं, त्यांना वाटेल आपण भजी मागतोय!"

"मग मागू. तुम्ही फक्त मागून उत्तर द्या."

फाटकातच मी त्यांच्याकडून उत्तराची ओळ घोकून घेतली. तेवढ्यात आतून एका बाईची स्वागताची लांब, उंच हाक आली आणि अंगावर काटा उभा राहिला. आम्ही हळूहळू आत गेलो. त्यांचे एक वयस्क गृहस्थ बोलले. आपला डोंगर सांगितला, वाइकातो नदी सांगितली, पूर्वज सांगितले. ते थांबताच त्यांची म्हातारी, तरणी, लेकरं सगळी उठली आणि गायली. कुणाच्या हातात कागद नाही. आवाज माझ्या छातीत घुमत होता. शब्द एकही कळत नसताना ही माणसं कोण, कुठली, कुणाची, हे कळत होतं.

मग निखिल बोलला आणि थांबला. मी उठले.

"रोप धर गं हाती, बाई रोप धर हाती..."

"लाव ओल्या माती, बाई लाव ओल्या माती!" मागून सगळ्यांत मोठा आवाज वैशालीचाच.

शेवटच्या कडव्यात मी गोदावरीचं नाव घेतलं. आणि मग वाइकातोचंही घेतलं. समोर बसलेली माणसं ताठ झाली. कुणीतरी मोठ्यानं "किया ओरा!" अशी दाद दिली.

नंतर होंगी (नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवून भेटणं) करताना एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. जेवताना जमिनीत भाजलेलं रताळं माझ्या ताटात वाढत त्यांनी विचारलं, "गाणं कुणाचं?"

"माझ्या आईचं. शेतात म्हणते."

"माझ्या आईला शाळेत माओरी बोललं की मार बसायचा. घरी येऊन ती गायची. आज या देशात आमची भाषा ऐकू येते, ती अशा आयांमुळं. तुझ्या आईला सांग, नदीनं ऐकलं."

परतल्यावर आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "नाव परत सांग बरं त्या नदीचं."

पुढच्या लागवडीला तिनं ते नाव गाण्यात घातलं. बायका हसल्या. "ही कुठली गं नवी?"

"माझी लेक बघून आली ती," आई म्हणाली आणि पुढची ओळ उचलली.

आई शाळेत गेली नाही, विमानात बसली नाही. तिचं गाणं माओरींच्या माराएवर उभं राहून गायलं गेलं. ते मी गायलं.