काटा वर चढेना

गाडीच्या इंजिनाबद्दल मला एकच भीती ठाऊक होती, ते तापण्याची. लहानपणी खंबाटकीच्या घाटात आमची जुनी गाडी हमखास उकळायची. वडील बॉनेट उघडून कळशीतलं पाणी ओतायचे आणि आम्ही भावंडं कठड्यावर बसून राहायचो. त्यामुळे इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला, ऐन हिवाळ्यात, गाडीचा तापमानाचा काटा पाव भागाच्या वर चढेना, तेव्हा मला उलट बरंच वाटलं. गार आहे ना, मग ठीक आहे.

तो हिवाळा बायकोच्या केमोचा होता. नोव्हेंबरपासून दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी आम्ही शिकागोला हॉस्पिटलमध्ये जायचो, तासाभराचा ड्राइव्ह. तिच्या औषधाने एक विचित्र गोष्ट केली होती. तिला गार काहीही सोसेनासं झालं होतं. फ्रिजमधला दुधाचा कॅन उचलला तरी बोटांत सुया टोचायच्या, गार हवा ओढली की घसा आवळायचा.

"अरे, हीटर लावलायस ना?" ती विचारायची.

"फुल आहे."

गल्लीतल्या सिग्नलपर्यंत हवा जरा कोमट यायची. हायवेला लागलं की तीही गार व्हायची. मी लोकरीचे हातमोजे आणले, शाली आणल्या, गरम पाण्याची पिशवी आणली. बॉनेट मात्र उघडलं नाही. केमो, इन्शुरन्सचे फोन, ऑफिस, यात गाडी दाखवायला वेळ कुठून काढू, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

जानेवारीत एका मंगळवारी पारा शून्याच्या बराच खाली होता. अर्ध्या वाटेत तिने एकदम माझा दंड धरला. तिला श्वास घेता येत नव्हता. एक्झिट घेऊन मी गॅस स्टेशनवर गाडी थांबवली आणि तिला आत दुकानात नेलं. कॉफीच्या मशीनजवळ ती तोंडावर शाल धरून उभी राहिली. दहा मिनिटांनी घसा सुटला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला या गाडीची भीती वाटते रे."

त्या शनिवारी मी काकांना फोन केला. काका म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक रिटायर्ड इंजिनियर. चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत काढलेली. ते कानटोपी घालून आले.

"काटा कुठे असतो?"

"खालीच असतो. सिग्नलला थोडा चढतो, हायवेवर परत उतरतो."

"आणि तू गप्प बसलास?"

रात्रभर गाडी बंदच होती. त्यांनी आधी इंजिनातलं पाणी, म्हणजे कूलंट, पाहिलं, ते पुरेसं होतं. मग इंजिन सुरू करायला लावून, रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड नळीवर माझा हात ठेवला. "काय वाटतं सांगत राहा."

"कोमट होतेय."

"आत्ताच? इंजिन तापेपर्यंत ही गारच राहायला हवी. आत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन तापल्यावरच ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. तुझी उघडीच अडकलेली दिसते. उष्णता सगळी बाहेर जातेय, हीटरला देणार काय?"

मीही इंजिनियर, पण कॉम्प्युटरचा. हीटरची ऊब इंजिनातून येते, हेही मला माहीत नव्हतं.

दुपारी ते नवा थर्मोस्टॅट घेऊन आले. गराजमध्ये, बोटं बधिर होत असताना, आम्ही तो बसवला. जुना त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. झडप आणि कडा यांच्यामध्ये करंगळीचं टोक जाईल एवढी फट होती. लहानसा भाग, तासाभराचं काम. मला काकांकडे बघवेना.

पुढच्या खेपेला काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला. हायवेवर बायकोने हातमोजे काढले. मग म्हणाली, "जरा कमी कर, उकडतंय." आणि तिला झोप लागली. अशा आमच्या दोनच खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. औषध लागू पडत नव्हतं. केमो थांबवायचं ठरलं. परतताना गाडीत छान ऊब होती.

मे महिन्यात ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर काका भेटायला आले. मी किचनमध्ये चहा टाकत होतो. न राहवून म्हणालो, "काका, तुम्हाला नोव्हेंबरमध्येच फोन केला असता तर निदान त्या सगळ्या खेपा तरी..."

माझी समजूत घालतील असं वाटलं होतं.

"हो, करायचा होतास," ते म्हणाले, आणि चहा होईपर्यंत माझ्याजवळ उभे राहिले.